हाफिजाचं अनुमोदन

आमचं कॉम्प्युटर कॉलेज साखर कारखान्याच्या शिक्षण संस्थेचं. म्हणजे कारखान्याचे चेअरमन तेच संस्थेचे अध्यक्ष, आणि कारखान्याचा भोंगा वाजला की आमचा तास सुटतो. तेव्हा दुष्काळामुळे दोन हंगाम कारखाना बंद होता, पण भोंगा तेवढा वेळेवर वाजायचा. मी तिथे कॉम्प्युटरच्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवतो. हुद्दा मोठा आहे, इंग्रजी संभाषण कौशल्य विभागाचा प्रमुख. विभागात मी एकटाच. नेमणूक तेव्हा तासांवर होती, सहा वर्षं झाली होती. उन्हाळ्यात तास नसायचे तेव्हा विभागही नसायचा.

त्या वर्षी जूनमध्ये चेअरमन सुंदरराव अण्णांनी मला बंगल्यावर बोलावलं. पुण्याची एक कंपनी जानेवारीत मुलं निवडायला येणार होती, आणि ती म्हणे मुलांना आधी गोल बसवून इंग्रजीत चर्चा करायला लावते. अण्णा म्हणाले, पाच पोरं नोकरीला लावून दाखवा, तुमच्या कायम नेमणुकीची ऑर्डर काढतो. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने विचारलं, लेखी दिलंय का? तिला आमच्या तालुक्याची माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

दुसऱ्याच दिवशी मी आठ जणांना गोल बसवलं आणि विषय दिला, शिक्षकाची जागा कॉम्प्युटर घेईल का. उमापूरचा सिदू उभा राहिला, शर्टाच्या बाह्या नीट केल्या आणि इंग्रजीत म्हणाला, शिक्षकाची जागा कॉम्प्युटरने घ्यावी असा मी ठराव मांडतो. शेजारच्याने अनुमोदन दिलं. बाकीच्यांनी हात वर करून अप्रूव्हड म्हटलं. दोन मिनिटांत माझी जागा कॉम्प्युटरने घेतली आणि मुलं चहा येतोय का ते बघू लागली.

मी संतापलो. नंतर विचार केला तेव्हा कळलं की पोरांचं काही चुकलं नव्हतं. लहानपणापासून ती बापाचं बोट धरून सोसायटीच्या, दूध संघाच्या, कारखान्याच्या सभांना गेलेली. चार माणसं एकत्र बसतात ती मंजूर म्हणायला आणि भजी खायला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. वाद घालायचा तो मागाहून, पारावर, आणि ज्याच्याशी घालायचा तो तिथे नसताना.

एकीनेच हात वर केला नव्हता. तलवाड्याच्या सत्तारभाई फळवाल्यांची हाफिजा. मी कारण विचारलं, तर म्हणाली की अब्बांच्या नावावर कुठलाच शेअर नाही, त्यामुळे सभेत काय करतात ते तिला ठाऊक नाही. त्या वर्गात न बिघडलेली तेवढी एकच मुलगी होती.

मी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. तुमचं म्हणणं कळलं. पण मला पटत नाही. कारण असं आहे. मुलं फळ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी शिवी लिहिली होती. सिदू समोरच्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, ह्यो आमच्या सोसायटीच्या चेअरमनचा पुतण्या हाय. ह्याला पटत न्हाई असं कावून म्हनू? मला गावात राहायचंय."

मी म्हटलं, मराठीत म्हणूच नको, इंग्रजीत म्हण. इंग्रजीत भावकी नसते, पुतण्या नसतो, अण्णा नसतात. ही मात्रा मात्र लागू पडली. गणपतीपर्यंत माझा वर्ग कशालाही नाही म्हणायला तयार झाला. वरण पातळ आहे यावर पोरांनी मेसच्या वच्छलाबाईंशी कारणांसह इंग्रजीत वाद घातला. वच्छलाबाईंना काही कळलं नाही, त्यांनी वाढायचं बंद केलं. सगळ्यांत तयार झाली ती हाफिजा. आवाज चढवायची नाही, समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायची आणि मग एक, दोन, तीन अशी कारणं द्यायची. मला तिचा खरोखर अभिमान वाटायचा. पाचांतलं पहिलं नाव म्हणून मी तिला मनात धरूनही ठेवलं होतं.

पावसाने त्याही वर्षी पाठ फिरवली. कॉलेज-कारखान्याच्या अख्ख्या माळावर पाणी उरलं ते मुलींच्या होस्टेलच्या विहिरीत. सप्टेंबरात कारखान्याच्या वार्षिक सभेची नोटीस निघाली. त्यात नववा विषय होता, होस्टेल जूनपर्यंत बंद ठेवून विहिरीचं पाणी कारखान्याच्या बेणेमळ्याला द्यावं. बेणेमळा म्हणजे लागवडीसाठी बियाण्याचा ऊस वाढवतात ते शेत. ते अण्णांच्या धाकट्या भावाच्या जमिनीत होतं, हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे कोणी बोलत नव्हतं.

हाफिजा मला भेटायला आली. तलवाड्याहून कॉलेजच्या वेळेला एसटी नव्हती. ती म्हणाली, "सर, एकदा घरी गेले की परत येणं होणार नाही. स्थळ आलेलं आहे. अब्बा होस्टेल आहे म्हणून थांबलेत."

त्याच संध्याकाळी अण्णांचा निरोप आला. सभेला मुंबईहून बँकेचे मोठे साहेब पाहुणे येणार होते. अण्णा म्हणाले, "होस्टेलच्याच पोरीनं इंग्रजीत अनुमोदन दिलं तर लई उठून दिसंल. तुमी शेजारी उभं राहून मराठीत सांगा. आन् तुमची ऑर्डर टायपिंगला टाकलीय." पुण्याच्या कंपनीचं आणि पाच पोरांचं नावही त्यांनी काढलं नाही.

मी हाफिजाला अनुमोदनाच्या चार ओळी इंग्रजीत लिहून दिल्या. तिने वाचून कागदाची घडी केली. मी तिला समजावलं की आत्ता एवढं वाच, सभा झाल्यावर मी स्वतः अण्णांशी बोलतो. तिने विचारलं, "बोलाल, सर?" मी हो म्हणालो. त्या क्षणी मला तसं वाटतही होतं, पण ते काही सांगण्यासारखं नाही.

सभा कारखान्याच्या गोदामात भरली. पहिले आठ विषय अकरा मिनिटांत मंजूर झाले, कारण भजी तळून तयार होती. नववा ठराव संचालक अर्जुनरावांनी मांडला. मग हाफिजा माइकपाशी आली, शेजारी मी. तिने कागद काढलाच नाही.

"आय सी युवर पॉइंट, सर," ती अण्णांकडे बघून म्हणाली. "बट आय डिसअॅग्री."

पुढे तिने तीन कारणं दिली. विहिरीवर पहिला हक्क पिणाऱ्याचा असतो. कारखानाच बंद आहे, तर बेणं वर्षभर थांबू शकतं. आणि आम्ही बत्तीस जणी घरी गेलो तर त्यातल्या बहुतेकजणी परत येणार नाहीत, तेव्हा जूनमध्ये होस्टेल कुणासाठी उघडणार? एक चूक नाही, एक अडखळणं नाही. इतकं स्वच्छ इंग्रजी त्या माळावर कधी कोणी बोललं नव्हतं, मीसुद्धा. बँकेच्या साहेबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि मग ते फायलीत काहीतरी शोधू लागले.

अण्णांच्या चेहऱ्यावर कौतुक तसंच होतं. त्यांनी मला विचारलं, "काय म्हनती पोरगी?"

मी माइक घेतला आणि म्हणालो, "ती म्हणते, दुष्काळात प्रत्येकाने त्याग केला पाहिजे. होस्टेलच्या मुलींचं ठरावाला अनुमोदन आहे."

गोदाम टाळ्यांनी भरलं. हाफिजा माझ्याकडे वळली. मराठी तिला माझ्याइतकीच येत होती, पण ती वर्गात बोलायची त्याच शांत आवाजात, इंग्रजीतच बोलली. "आय डिसअॅग्री विथ द ट्रान्सलेशन, सर."

"आता काय म्हनती?" अण्णांनी विचारलं.

"आभार मानतेय," मी म्हणालो.

टाळ्या वाढल्या. मागच्या रांगांत माझा सगळा वर्ग बसला होता आणि त्यांना शब्द न् शब्द कळला होता. सिदूने आधी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे, आणि टाळ्या वाजवायला लागला. त्याचं बघून बाकीच्यांनीही वाजवल्या. मी त्यांना दोष देत नाही, त्यांना गावात राहायचं होतं.

व्यासपीठावरून उतरताना अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हळूच म्हणाले, "मास्तर, मला इंग्रजी येत न्हाई, पन मानसाचं तोंड वाचता येतंय. उद्या ऑर्डर घेऊन जा." मी त्यांच्याशी विहिरीबद्दल बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ऑर्डर घेऊन आलो. बायकोने ती दोनदा वाचली आणि देवापुढे ठेवली.

तिसऱ्या दिवशी होस्टेल रिकामं झालं. सत्तारभाई भाड्याचा टेम्पो घेऊन आले होते. ट्रंक चढवून झाल्यावर ते सीताफळांची पाटी घेऊन माझ्याकडे आले. पाऊस नसला तरी सीताफळं आमच्याकडे येतातच.

"सर, हाफिजा भरसभेत इंग्रजीत बोलली म्हनं," ते म्हणाले. "अख्खा तलवाडा सांगतोय. आमच्या खानदानात बाईमानूस कवा माइकवर बोललं न्हवतं. तुमी लई मेहनत घेतली तिच्यावर." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. हाफिजा टेम्पोत ट्रंकेला टेकून बसली होती. आता ती बापाला सगळं सांगणार म्हणून मी वाट बघत होतो. सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

सत्तारभाईंनी मागे वळून तिला हाक मारली. "बेटा, निघायच्या आधी सरांचे आभार तर मान."

"मानले की अब्बा, सभेतच," ती म्हणाली. "सरांनीच सगळ्यांना सांगितलं."