अकरा घरांच्या किल्ल्या

माझा मामा एकतीस वर्षं एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवायचा. "आयुष्यभर वर गेलो आणि खाली आलो, पुढे मात्र गेलो नाही," असं तो स्वतःच म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर दोनच गोष्टी त्याने मनापासून केल्या. दुपारी रमी खेळायची आणि गावाला गेलेल्या लोकांची कुत्री-मांजरं सांभाळायची.

हे दुसरं काम आपसूक आलं. एका वकीलबाईंना प्रवासाला जायचं होतं. त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांत दिवसातून तीनदा औषध घालायला लागायचं आणि तो डॉक्टरांनाही चावायचा. मामाला चावला नाही. झालं, एकीने दुसरीला सांगितलं, आणि बघता बघता मामाच्या खिशात अकरा घरांच्या किल्ल्यांचा जुडगा आला. कुठला पोपट एकटा पडला की स्वतःची पिसं उपटतो, कुठली मांजर फक्त वाहत्या नळाचं पाणी पिते, सगळं तोंडपाठ.

पत्त्यांचा अड्डा शिंपीकाकांच्या दुकानामागच्या खोलीत. मामा, शिंपीकाका आणि हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या सिस्टर. मामा वाईट खेळायचा. जोकर हाती आला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, हे त्याला सोडून बाकी दोघांनाही ठाऊक होतं.

मग विसरणं सुरू झालं. चार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या लोकांच्या दारात तो जाऊन उभा राहायचा. "मांजरीला खायला घालायला आलोय," म्हणायचा. आतली माणसं नवी, मांजर कधी पाळलेलीच नाही. एका घराचं कुलूप जुनंच होतं, तर मामा किल्लीने उघडून सरळ स्वयंपाकघरात. त्या दिवशी वॉचमनने त्याला दंडाला धरून माझ्याकडे आणलं.

आईच्या मागे त्याला मी आणि मला तो, एवढंच आमचं गणगोत. मी त्याला माझ्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ठेवून घेतलं. मी दाताच्या दवाखान्यात नऊ ते सहा काउंटर सांभाळते. पहिल्याच महिन्यात तो तीनदा बाहेर पडला. तिसऱ्या वेळी भर रस्त्यात एका कुत्र्याची समजूत घालत बसला होता आणि त्याच्यामागे बस थांबली होती. दिवसभराचं माणूस ठेवणं परवडणारं नव्हतं, नोकरी सोडणं त्याहून नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

मी दोन्ही बाजूंनी किल्लीनेच उघडणारं कुलूप बसवून घेतलं. किल्लीवाल्याने विचारलं, "आत कोणी नसतं ना, ताई?"

"नाही," मी म्हणाले.

आठवड्याने माझ्या लक्षात आलं, आतल्या बाजूने कुलपाभोवती ओरखडे पडले होते. तो जुडग्यातल्या किल्ल्या एकेक करून लावून बघत होता. रोज. मी जुडगा काढून घेऊ शकले असते. घेतला नाही. तेवढी हिंमत झाली नाही, किंवा तेवढाच त्याला विरंगुळा, असं मी मनाला सांगितलं.

दवाखान्यात मी लोकांना "बसा, नंबर येईल," म्हणत राहायचे आणि डोक्यात सारखं घर. गॅस बंद केला का, तो पडला तर काय, आग लागली तर काय. कोंडला होता तो, पण त्या दारापासून दोन पावलं लांब मीही मनाने कधी गेले नाही.

एकदा डॉक्टर आजारी पडले म्हणून मी तीनलाच घरी आले. आमच्या खिडकीखाली, गल्लीत, दोन स्टुलं मांडलेली. त्यावर शिंपीकाका आणि सिस्टर. खिडकीच्या कट्ट्यावर पानं. गजांच्या आत मामा. शेजारची मांजर गजांतून आत जात होती, बाहेर येत होती.

मी तिथेच उभी राहिले. शिंपीकाकांनी मान खाली घातली.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"कुलूप लागल्यापासून," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, मी काय करू? तो रस्त्यावर—"

"मी तुला बोल लावत नाहीये. वॉर्डात मीही माणसं बांधून ठेवलीत. मला एक किल्ली करून दे."

"तुमच्या गुडघ्यांना झेपेल?"

"स्टुलावर बसण्यापेक्षा बरं."

"पान टाका की," मामा आतून म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून दोन ते सहा ती दोघं घरात बसू लागली. नऊ ते दोन मात्र कुलूप तसंच राहिलं. त्याला काही इलाज सापडला नाही.

एका संध्याकाळी मी त्याच्यासमोर ताट ठेवलं तेव्हा त्याने हळूच विचारलं, "या घरातली माणसं कधी येणार?"

"कुठली माणसं, मामा?"

"ज्यांचं घर आहे ती. ती आल्याशिवाय मला हलता येत नाही ना."

"येतील लवकर," मी म्हणाले.

"त्यांना सांग, त्यांचं काही बिघडलेलं नाही. सगळं नीट आहे." मग जरा थांबून म्हणाला, "पण आता त्यांनी यावं."

आठ महिन्यांनी, एका मंगळवारी, सिस्टरांनी दोन वाजता दार उघडलं तेव्हा तो खुर्चीतच गेला होता. बूट घातलेले होते, नाडीही नीट बांधलेली. डॉक्टर म्हणाले, अकराच्या सुमारास असेल. म्हणजे त्या वेळी मी एका बाईंना अक्कलदाढेची तारीख देत होते.

भेटायला येणारे म्हणाले, "सुटले बिचारे." ज्यांची जनावरं त्याने सांभाळली होती, तीही माणसं आली. वकीलबाई तर रडल्या. मी सगळ्यांना पाणी दिलं. कुलपाचं कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सिस्टरांना सगळं माहीत होतं. सगळे गेल्यावर त्यांनी माझ्या शेजारी बसून पाय लांब केले. "रडायचं असेल तर रड," म्हणाल्या. "नाहीतर चहा कर. मी बसलेय."

मी चहा केला.