आडकाठीबाई

रुग्णालयात सगळे त्यांना पाठीमागे ‘आडकाठीबाई’ म्हणत, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. नवं औषध माणसांवर तपासायचं तर नीतिसमितीची परवानगी लागते. त्या समितीच्या सचिव म्हणून बाईंनी एकतीस वर्षं भल्याभल्यांचे कागद माघारी धाडले होते. त्यांचा हट्ट एकच. रुग्णाने सही करायचं संमतिपत्र आधी लाँड्रीतल्या मावशींना वाचून दाखवायचं आणि मावशींनी ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. नाही सांगता आलं, तर पुन्हा लिहा.

आज बाईंचा शेवटचा दिवस होता, आणि आजच तो नियम मोडीत काढायचा ठराव होता. टेबलावर निरोपाचा गुच्छ आधीच येऊन बसला होता. बाईंना त्या गुच्छाचाही राग आला.

“तुमच्याबद्दल आदर आहे, बाई,” मोठे डॉक्टर म्हणाले, “पण चादरी धुणाऱ्यांनी आमचं संशोधन तपासायचं, हे अतीच होतंय. सोमवारी साठ जणांवर माझी मधुमेहाची गोळी सुरू व्हायचीय.”

“मग त्याच गोळीचं संमतिपत्र शेवटचं. वाचा तुम्हीच. काही निघालं नाही, तर ठरावाला पहिला हात माझा.”

मावशी ओले हात एप्रनला पुसत आल्या. डॉक्टरांनी आठही पानं गाडी चुकत असल्यासारखी वाचली.

“साखरेची नवी गोळी,” मावशी म्हणाल्या. “निम्म्यांना खरी, निम्म्यांना नुसती पिठाची. नको वाटलं तर कधीही सोडायची, कुणी रागवायचं नाही.”

सगळं बरोबर होतं. डॉक्टर हसले. आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, असं बाईंना वाटलं.

“एक कळलं नाही,” मावशी म्हणाल्या. “गोळी साखरेची, मग रक्त पातळ करायची गोळी पंधरा दिवस बंद का? माझ्या नवऱ्याला तुम्हीच दरडावलं होतं, साहेब, एक दिवस चुकवलीस तर जिवावर बेतेल म्हणून.”

“असं कुठं लिहिलंय?”

“आत्ता तुम्हीच वाचलंत की!”

सहाव्या पानावर होतं. गेल्या वर्षीच्या शस्त्रक्रियेच्या अभ्यासाचा कागद समोर ठेवून हा बेतला होता, आणि शस्त्रक्रियेपुरतंच लागणारं तेवढं वाक्य तसंच राहिलं होतं. सातही सदस्यांनी कागद वाचला होता. बाईंनी तर दोनदा.

“साठातल्या बावीस जणांना ती गोळी चालू आहे,” डॉक्टर हळूच म्हणाले आणि खाली बसले. “ठराव मागे घेतो.”

मग त्यांनी तिथल्या तिथे दुसरा लिहिला: मावशी समितीच्या आठव्या सदस्य, मताच्या हक्कासह. सातही हात वर गेले. बाईंना नाचावंसं वाटत होतं.

“मावशी, इथं सही करा.” डॉक्टरांनी पेन पुढे केलं.

मावशींनी पेनाला हात लावला नाही. त्या खुर्ची ओढून नीट टेकून बसल्या.

“आधी वाचून दाखवा, साहेब. सावकाश.”