कोचच्या अंगणातले बोर्ड

“तुमच्या त्या कोचला म्हणावं, आमच्या गाईसुद्धा त्याच्या पोरांपेक्षा नीट रांगेत उभ्या राहतात!”

“बरं. आपलं नाव?”

“नाव कशाला पाहिजे?”

“आणि मैदानात बसता कुठे? रांग, खुर्ची?”

पलीकडे फोन आपटल्याचा आवाज. सकाळपासूनचा हा अठरावा. सोमवार होता, आणि शनिवारी आमचं मार्लो कॉलेज अमेरिकन फुटबॉलचा ओळीने पाचवा सामना हरलं होतं, तेही घरच्या मैदानावर, एकतीस विरुद्ध तीन.

नाव आणि खुर्ची विचारायची युक्ती लॉइड एंगस्ट्रॉम यांची. ते कॉलेजचे क्रीडा संचालक. मी आयरीन होलुब, बावीस वर्षं त्यांच्या दाराबाहेरच्या टेबलावर. जो नाव सांगेल त्याला लॉइड दुपारी स्वतः फोन लावायचे. “मी लॉइड. तुम्ही सकाळी फोन केला होता. बोला, ऐकतोय.” अर्धे लोक तिथेच विरघळायचे. “तसं काही नाही हो, निघून गेलं तोंडातून,” म्हणत मक्याच्या भावावर यायचे. उरलेल्यांचं ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. माझ्या अंगात इतका सोशिकपणा नाही. मी त्या गाईवाल्याला चांगला सुनावला असता.

दिसायला लॉइड अगदी साधे. सामन्याच्या दिवशी बाहेरगावचे लोक त्यांना गाडी कुठे लावायची ते विचारायचे, आणि हे नीट सांगायचेही. तरुणपणी त्यांनी पोरांना अडथळ्यांची शर्यत शिकवली होती. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. तपकिरी स्वेटर दोन, दोन्ही सारखेच, त्यामुळे आज कुठला घातलाय हे त्यांनाही ठाऊक नसायचं.

त्या सोमवारी वर्तमानपत्राचा माणूस आला. “एकच वाक्य द्या, लॉइड. ‘कोच टिबेट्सना आमचा पूर्ण पाठिंबा आहे.’ बस.”

“नाही देणार.”

“म्हणजे पाठिंबा नाही?”

“म्हणजे वाक्य नाही. कॉफी घेणार?”

तो माणूस चिडून गेला. मला मात्र बरं वाटलं. ‘पूर्ण पाठिंबा’ हे वाक्य मी माझ्या हाताने तीनदा टाइप केलं होतं, तीन वेगवेगळ्या कोचसाठी. तिघेही पंधरा दिवसांच्या आत सामान बांधून गावाबाहेर. आता हे सगळ्या गावाला पाठ झालंय. संचालकांनी पाठिंबा जाहीर केला की बायका कोचच्या घरी निरोपाची खीर पाठवायच्या तयारीला लागतात.

पण कोचची बायको मार्नी टिबेट्स गावात नवीन. तिने दुपारी मला फोन केला. “आयरीन, सगळे विचारताहेत, लॉइड काहीच कसे बोलत नाहीत? एक शब्द बोलायला काय जातं त्यांचं?”

“ते बोलत नाहीत तोवर सुखाने झोप, बाई,” मी म्हटलं. तिला ते पटलं नसावं.

फोन ठेवते न ठेवते तोच जिनी स्टॅनेकचा आला. जिनी गावातली घरं विकून देते. तिच्या प्रत्येक बोर्डावर ‘घर विकणे आहे’, खाली तिचा नंबर, आणि वर हसरा फोटो, वीस वर्षांपूर्वीचा.

“आयरीन, माझे बोर्ड परत चोरीला! या आठवड्यात सहा!”

“मग टिबेट्सांच्या अंगणात बघ की.”

आमच्याकडे ही जुनीच खोड. संघ हरायला लागला की रविवार पहाटेपासून कोचच्या हिरवळीवर ‘घर विकणे आहे’चे बोर्ड उगवतात. कुणी रोवले ते कधी कळत नाही. कळलं तरी कुणी सांगत नाही.

“तिथे तर आधी बघितलं,” जिनी म्हणाली. “एकही नाही! ओळीने पाच हार आणि अंगण स्वच्छ. हे काही खरं नाही.”

मलाही ते खरं वाटेना. त्याच दुपारी जुन्या सामन्यांच्या पत्रिका हव्या होत्या म्हणून मी व्यायामशाळेमागची कोठी उघडली. दिवा लावला आणि केवढी दचकले. अडथळ्यांच्या शर्यतीच्या मोडक्या चौकटींमागे, भिंतीला टेकून, सतरा जिनी माझ्याकडे बघून हसत होत्या.

“पत्रिका वरच्या फळीवर आहेत,” मागून लॉइड म्हणाले.

मी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. हल्ली रोज सकाळी त्यांच्या बुटांना ओला चिखल असायचा. मला वाटायचं, मैदान बघायला जातात.

“तुम्ही?”

“रोज पहाटे साडेपाचला जातो. मार्नी सहाला उठते.” चोरी पकडल्यासारखे ते कानशिलापर्यंत लाल झाले होते. “व्हिटलॉकची बायको आठवते?”

आठवत होती. आठ वर्षांपूर्वीचा कोच व्हिटलॉक. त्याला काढायचं ठरलं होतं, सोमवारी सांगायचं होतं. रविवारी सकाळी त्याची बायको दूध घ्यायला दारात आली आणि तिला अकरा बोर्ड दिसले. तिने मलाच फोन करून विचारलं होतं, “आयरीन, सामान हलवायला गाडी कोणत्या दिवशी सांगू?” तिच्या नवऱ्यालाही तोवर माहीत नव्हतं.

“ती बाई बोर्ड वाचून उभी राहिली असेल ना दारात, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही,” लॉइड म्हणाले. “आणि टिबेट्सांची शेल्बी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. ही तिची पाचवी शाळा, आयरीन. एकदा तरी पोरीला वर्गाच्या शेवटच्या फोटोत उभं राहू दे.”

“आणि संघाचं काय?”

“पोरं दुसऱ्या वर्षाची आहेत. हा माणूस येऊन चौदा महिने झालेत. चांगला कोच आहे. वेळ लागतो.” मग जरा थांबून, “बोर्ड जिनीला नेऊ दे. मागच्या दाराने. कुठे सापडले ते सांगू नका.”

मी जिनीला सांगितलं, वाऱ्याने उडून आले. सतरा. ती म्हणाली, वारा फारच हुशार निघाला.

पुढच्या शनिवारी सहावी हार. सोमवारी लॉइड आले ते जरा गोंधळलेले.

“हल्ली टिबेट्सांच्या पायरीवर कुणीतरी थर्मास विसरतंय.”

“विसरतंय?”

“गरम कॉफी असते. शेजारी कागदात गोड पाव, कोलाची. आलुबुखार घातलेली.”

“मग?”

“खाल्ली. थर्मास धुऊन परत ठेवला.” त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. “हसताय कशाला?”

मी कशाला हसणार? मार्नीने मागच्याच आठवड्यात माझ्याकडून कोलाचीची कृती लिहून नेली होती, आणि त्यानंतर लॉइड बोलत का नाहीत हे मला एकदाही विचारलं नव्हतं. ती सहाला नाही, पाचलाच उठत होती. दोघांनीही एकमेकांना एका अक्षराने काही सांगितलं नाही.

गुरुवारी कॉलेजचे अध्यक्ष आले, बरोबर बड क्रेमर. क्रेमर म्हणजे ट्रॅक्टरवाले, गुणफलकावर ज्यांचं नाव कॉलेजच्या नावापेक्षा मोठं आहे ते. लॉइडच्या खोलीचं दार कधीच नीट लागत नाही, आणि ते दुरुस्त करून घ्यायची मला कधी घाई वाटली नाही.

“उद्यापर्यंत टिबेट्सला मोकळं करा,” अध्यक्ष म्हणाले.

“मोसम संपल्याशिवाय मी निर्णय घेत नाही. आणि संपल्यावरही त्यांना काढणार नाही.”

“लॉइड, गड्या, समजून घे,” क्रेमर म्हणाले. “लोक खवळलेत. त्यांना कुणाचा तरी बळी हवाय.”

“मग माझा घ्या.”

मी टाइप करायची थांबले.

“मी मेमध्ये जातो,” लॉइड म्हणाले. “लोकांना सांगा, बदल केला. टिबेट्सना मात्र आणखी एक वर्ष, आणि ते लेखी.”

“तुझी अजून तीन वर्षं होती,” अध्यक्ष हळूच म्हणाले.

“होती. कोच नवा आहे. मी जुना झालोय, मी गेलो तर कुणाची शाळा बुडत नाही.”

ते पत्र मी टाइप केलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा एका पानात चार चुका केल्या. लॉइडनी सही केली आणि म्हणाले, “मेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. कोचला तर कधीच नाही. तो मग हरण्याजिंकण्याचा विचार सोडून माझाच विचार करत बसेल.” मी कबूल केलं. घरी जाऊन जेवण गेलं नाही. इतका राग आला होता, आणि अशा माणसाच्या दाराबाहेर आपण बसतो याचं इतकं बरंही वाटत होतं, की कुठल्या कारणाने रडते आहे हे माझं मलाच कळेना.

उरलेल्या चार सामन्यांपैकी दोन जिंकलो. शेवटचा गारांच्या पावसात, नऊ विरुद्ध सहा. पोरांच्या हेल्मेटवर गारा ताडताड वाजत होत्या. सोमवारी गाईवाल्याचा फोन आला. या वेळी नाव, रांग, खुर्ची, सगळं न विचारता सांगितलं. “मी म्हणतच होतो, माणूस चांगला आहे.”

मेमध्ये शेल्बी वर्गाच्या फोटोत उभी राहिली, दुसऱ्या ओळीत, डोळे मिटलेले. लॉइडनी तो फोटो वर्तमानपत्रातून कापून खिशात ठेवला. निरोपसमारंभात क्रेमरांनी लांबलचक भाषण केलं, केक जरा कोरडा होता. सगळ्यांना वाटलं, वय झालं म्हणून चालले. ओरेगनला मुलीकडे जाणार होते.

जूनमधल्या एका मंगळवारी जिनीचा फोन. “आयरीन! आता तर लॉइडच्या अंगणातला बोर्ड गेला! कालच लावला होता!”

मी तशीच उठले. कोच मैदानाशेजारी आपल्या पिकअपपाशी होते. मागच्या फळ्यांवर जिनी हसत पडली होती, दांड्याला ओली माती.

“बघितलंत?” कोच लालबुंद झाले होते. “लोकांना लाज नाही! माणूस निवृत्त झाला तरी पिच्छा सोडत नाहीत. सकाळी तिकडून गेलो, दिसला, उपटला. त्यांनी बघितला नसेल अजून. त्यांनी माझ्यासाठी काय केलंय ते मार्नीने खिडकीतून बघितलंय. एवढं तरी मी करीनच.”

“कोच,” मी म्हटलं, “तो खरा आहे.”

“काय?”

“ते घर विकताहेत. मुलीकडे चाललेत.”

ते बोर्डाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. “तीन वर्षं होती ना त्यांची? क्रेमर एकदा म्हणाले होते.”

मी शब्द दिला होता, म्हणून काही बोलले नाही. पण मला चेहरा कधी लपवता आला नाही. कोचनी डोक्यावरची टोपी काढली. एकतीस-तीनने हरले त्या दिवशीही ती टोपी निघाली नव्हती.

आम्ही पिकअपमधून लॉइडच्या घरी गेलो. लॉइड अंगणात त्या खड्ड्याकडे बघत उभे होते. कोचनी बोर्ड खाली घेतला.

“मला वाटलं...” ते म्हणाले.

“हो,” लॉइड म्हणाले. “मलाही वाटलं असतं.”

“लॉइड, तुम्ही माझ्यासाठी...”

“शेल्बी कुठे जाणार आता कॉलेजला?”

“इथेच. मार्लोला.” कोच एक पाऊल पुढे झाले. “थँक्यू. तुम्हाला नको असलं तरी ऐकून घ्या. थँक्यू.”

लॉइडनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, वाद घातला नाही. मग आत जाऊन हातोडा आणला. कोचनी दांडा खड्ड्यात धरला, लॉइडनी चार घाव घातले.

“सरळ आहे का बघा,” लॉइड म्हणाले.

कोच रस्त्यापर्यंत मागे गेले. टोपी हातात धरून बराच वेळ बघत राहिले.

“नाही,” ते म्हणाले. “जरा डावीकडे.”

लॉइडनी बोर्ड डावीकडे केला.

“आता?”

“अजून नाही.”

लॉइडनी पुन्हा हलवला, पुन्हा विचारलं, आणि कोचनी पुन्हा मान हलवली. मी पिकअपमध्ये बसून बघत होते. बोर्ड केव्हाच सरळ झाला होता.