काचेच्या इमारतीचा भार

विद्यापीठाच्या वीजविभागात ती सहा वर्षं कंत्राटावर अभियंता होती. दरवर्षी नवं पत्र, दरवर्षी तोच मजकूर. तिचे वडील त्याच विद्यापीठात एकतीस वर्षं वायरमन होते. खांद्यावर शिडी टाकून त्यांनी सगळ्या इमारती पालथ्या घातल्या होत्या. निवृत्त झाल्यावर घरात त्यांचा जीव रमेना. आई गेल्यापासून तर नाहीच. रोज दुपारी ते विद्यापीठाच्या वाचनालयात जाऊन बसत, आठपर्यंत वर्तमानपत्रं, मासिकं, हाताला लागेल ते वाचत. मुलं त्यांना ‘काका’ म्हणत आणि कधीमधी बिघडलेला चार्जर त्यांच्यापुढे आणून ठेवत.

त्या वर्षी वरून हुकूम आला, वीजवापर दहा टक्के कमी करा. काम तिच्याकडे आलं आणि ती अक्षरशः हरखली. चार महिने हातात मीटर घेऊन तिने प्रत्येक पॅनेलवरचा भार मोजला. उत्तर लखलखीत निघालं. नव्या प्रशासकीय इमारतीत माणसं जेमतेम नव्वद, आणि वीज खात होती अख्ख्या परिसराच्या एक तृतीयांश. पश्चिमेला चार मजले नुसती काच. दुपारी ऊन आत शिरायचं आणि ते बाहेर काढायला एसी ऊर फुटेस्तोवर चालायचे. सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या खोल्यांतसुद्धा! काचेबाहेर सावलीच्या पट्ट्या आणि एसी ठरल्या वेळी आपोआप बंद करणारी बटणं, एवढ्यावर भागणार होतं. दोन वर्षांत खर्च वसूल.

अहवाल घेऊन ती कुलसचिवांकडे गेली. त्यांच्या खोलीत इतकी थंडी होती की ते स्वतः स्वेटर घालून बसले होते.

त्यांनी पानं चाळली. “मॅडम, बाहेरचे पाहुणे याच इमारतीत येतात. तिला पट्ट्याबिट्ट्या लावून गोठा करायचाय का?”

“सर, पण खरी गळती इथेच आहे.”

“गळती कुठे दाखवायची ते आपल्या हातात असतं. वसतिगृहं बघा, वाचनालय बघा. मुलं काय, कुठेही वाचतात.” मग त्यांनी टेबलावरची एक फाईल बोटाने थोडी पुढे सरकवली. “तुम्हाला कायम करण्याचा प्रस्ताव माझ्याकडेच आहे. चांगला आहे.”

त्यांनी अहवाल मिटून तिच्या हातात परत दिला.

तिने दोन दिवस घालवले, मग अहवाल पुन्हा लिहिला. वसतिगृहात गरम पाणी सकाळी एकच तास. वाचनालय सहाला बंद. सूचनेखाली तिची सही. पाचव्या दिवशी तिच्या हातात कायम नेमणुकीचं पत्र पडलं.

सूचना लागली त्या दिवशी ती घरी आली तर वडील आधीच येऊन बसले होते.

“आज लवकर आलात, बाबा?”

“सहाला दिवे घालवले. उठवलं सगळ्यांना.” ते चष्मा पुसत होते. “तुझी सही वाचली दारावर.”

“वरून आलं होतं.”

“काचेच्या इमारतीचा भार मोजलास?”

“मोजला.”

“किती?”

“एक तृतीयांश.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं.”

“बाबा, मला कायम करणं त्यांच्याच हातात होतं. सहा वर्षं झाली…”

“केली?”

“केली.”

“बरं झालं,” ते म्हणाले आणि चष्मा डोळ्यांवर चढवून खिडकीबाहेर बघत बसले.

तीन महिन्यांनी तिने पुन्हा मोजणी केली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. वापर वाढला होता. गरम पाणी तासाभरावर आल्यावर पोरांनी खोल्याखोल्यांत बादलीत टाकायचे रॉड आणले होते. वाचनालयाचे चाळीस दिवे विझले आणि चारशे खोल्यांतले चारशे पेटले. एका वसतिगृहाचं पॅनेल तर जळून काळं पडलं. नशीब, कुणाला इजा झाली नाही.

कुलसचिवांनी आकडे शांतपणे ऐकले. “कुठल्या महिन्यांशी तुलना केलीत?”

“मागच्या वर्षीच्या याच महिन्यांशी.”

“परीक्षेच्या महिन्यांशी करा. त्यात वापर जास्त असतो ना?”

तिने केली. बचत भरली अकरा टक्के. सहा महिन्यांनी विद्यापीठाला ऊर्जाबचतीचं मानपत्र मिळालं. समारंभ काचेच्या इमारतीत झाला. कुलसचिवांनी तिला मंचावर बोलावलं, टाळ्या पडल्या. ती हसली, फोटोसाठी जरा जास्तच. पहिल्या रांगेतल्या बायका शाली घट्ट ओढून बसल्या होत्या.

वडिलांना तिने आमंत्रण दिलं होतं. ते आले नाहीत. “पाय दुखतात,” म्हणाले.

वाचनालय पुढे मुलांच्या तक्रारींमुळे पुन्हा आठपर्यंत उघडं राहू लागलं. तिने घाईघाईने ही बातमी वडिलांना सांगितली. त्यांनी “हो का?” म्हटलं, पण ते परत गेले नाहीत. पूर्वी जेवताना दोघांच्या गप्पा फ्यूज, फेज, कुठे काय जळलं यावरच चालायच्या. आई होती तेव्हा वैतागून उठून जायची. आता ते विचारतात, भाजीत मीठ बरोबर पडलंय का. ती म्हणते, पडलंय.