पोलंडवाल्यांच्या करंज्या

सत्तेचाळीस सालचा मे महिना. वळिवड्याच्या कॅम्पात पोलंडहून आलेल्या निर्वासितांचा सण होता, आणि खाण्याच्या स्टॉलवर गावातली अंजना त्यांच्यातल्या यानीनाबाईंच्या शेजारी पदर खोचून बसली होती. बटाट्याचं सारण भरलेल्या त्यांच्या करंज्यांना ती दिवाळीतल्यासारखी झकास मुरड घालत होती.

तेवढ्यात तिचे सासरे तात्यासो गर्दीतून तणतणत आले.

"ऊठ! जैनाची सून तू, आन् कंदमुळात हात घालतीस? चारचौघांत नाक कापलंस!"

अंजनानं मान वर केली, पण हात थांबवला नाही.

"मी खात न्हाय मामंजी, करून देतीया. मी तापानं फणफणलेली तवा ह्याच बाई उशाला बसल्या हुत्या. आपल्यातलं कोण फिरकलं न्हाय."

"तरी बी बटाटा त्यो बटाटाच!"

"व्हय की! मग तुमच्या मळ्यातनं कॅम्पाला गाडी येती, ती काय जिलबीची असती व्हय?"

बघायला जमलेल्या गावकऱ्यांत हशा पिकला. तात्यासो पटका सावरत माघारी वळले.

"मामंजी," अंजनानं मागून खणखणीत हाक मारली, "बटाटं संपाय आल्यात. घरला गेल्यावर आनखी एक पोतं लावून द्या!"