शेपूट

मीटरबाईंनी वाकून बुटाची घट्ट बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा सावकाश बांधायला घेतली.

"सुटली का परत?" चार पावलं वर उभ्या असलेल्या चष्मेवाल्यांनी विचारलं.

"नाडीच मेली गुळगुळीत आहे. तुम्ही टेका की जरा त्या दगडाला."

"टेकतो. तुमच्यासाठी थांबायलाच तर मी आहे."

बाईंनी मान वर केली नाही. त्या ऐकत होत्या. चष्मेवाल्यांचा श्वास आधी खरवडल्यासारखा यायचा, मग हळूहळू लहान व्हायचा, आणि मग ऐकूच यायचा नाही. ऐकू यायचा थांबला की बाई गाठ मारायच्या. आजच्या चढावरची ही कितवी गाठ, ते त्यांनी मोजायचं सोडून दिलं होतं.

खरं तर बाईंना थांबायची सवयच नव्हती. सगळी नोकरी त्यांनी घरोघरचे विजेचे मीटर वाचत काढली. लिफ्ट नसलेल्या इमारती, गच्चीवरच्या खोल्या, अंगावर धावून येणारी कुत्री, सगळं त्यांनी पायांनी जिंकलेलं. निवृत्त झाल्यावर महिनाभरातच त्यांचे पाय शिवशिवायला लागले. "आई, घरातल्या घरात किती येरझाऱ्या घालाल, फरशी झिजेल," असं म्हणून सुनेनं त्यांना या चालणाऱ्यांच्या मंडळात आणून सोडलं होतं.

मंडळ दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या डोंगरांत जायचं. पुढे कॅप्टन, म्हणजे एका शाळेतल्या खेळाच्या बाई. मधे हौशी मंडळी, आणि सगळ्यांत शेवटी शेपूट. शेपूट हा मंडळातला मानाचा शब्द होता. शेपटाच्या अंगावर लाल जाकीट, गळ्यात शिट्टी. शेपटाच्या मागे कुणी राहायचं नाही, म्हणजे मग डोंगरात कुणी मागे राहत नाही, हा पहिला नियम. आणि शेपटानं लांब शिट्टी फुंकली की पुढच्यांनी जिथे असतील तिथे थांबायचं, हा दुसरा. मंडळ निघालं तेव्हापासून शेपूट होते चष्मेवाले. बाजारातलं चष्म्याचं दुकान मुलीच्या हवाली करून ते रविवारची वाट बघत आठवडा काढायचे. दुसऱ्यांसाठी त्यांनी ती शिट्टी कितीदा तरी फुंकली असेल. स्वतःसाठी कधीच नाही.

बाई आल्या त्या पहिल्याच रविवारी कॅप्टननं त्यांना नळापाशी गाठलं.

"मावशी, तुम्ही किती वेगानं चालता ते अजून कुणी पाहिलं नाहीये ना?"

"आता दाखवते की!"

"नका दाखवू," कॅप्टन म्हणाली आणि इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला. "काकांच्या मुलीचा फोन होता. मध्यंतरी ते न्हाणीघरात तोल जाऊन पडले. डॉक्टर म्हणतात चाला, पण एकट्यानं नाही. मुलगी म्हणाली मंडळ बंद करा, तर यांनी दोन दिवस जेवणाला हात लावला नाही. शेपूट म्हणजे एकटाच ना हो, सगळ्यांच्या मागे. मागे पडलं कुणी तर आम्हाला कळणार कधी?"

"मग सांगा त्यांना सरळ."

"मी शाळेत असताना त्यांनी मला डोंगर चढायला शिकवलंय. माझी जीभ उचलत नाही, मावशी. आमच्यातलं कुणी अचानक हळू चालायला लागलं तर त्यांना लगेच कळेल. तुम्ही नवीन आहात. तुम्ही पहिल्यापासूनच हळू असलात तर..."

बाईंना तेव्हा कॅप्टनचा राग आला होता. आयुष्यात जी एक गोष्ट आपल्याला झकास जमते, तीच जमत नाही असं दाखवायचं? त्यातून त्यांनी मंडळात पाऊल टाकलं होतं ते मोठ्या वाटेवर डोळा ठेवून. वर्षातून एकदा मंडळ डोंगराच्या माथ्यावरून दिवसभराची वाट चालायचं. सुनेनं फोनवर दाखवलेले तिथले फोटो बाईंनी पुन्हा पुन्हा पाहिले होते. दोन्हीकडे दरी आणि मधून पायवाट. इतक्या जिन्यांच्या बदल्यात आपल्याला एवढं तरी मिळावं, असं त्यांना मनापासून वाटायचं. पण कॅप्टनच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं, आणि समोरून लाल जाकीट घातलेला तो वाळका माणूस "या, या, नवीन का?" म्हणत हसत येत होता. बाईंनी मान डोलावली.

तेव्हापासून हे नाडीप्रकरण सुरू होतं.

आजही दोघं पठारावरच्या शेडपाशी पोचली, तेव्हा बाकीचे केव्हाचे बसून पाय मोकळे करत होते. कॅशियरनं, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या आणि जिभेवरून न झालेल्या गृहस्थांनी, लांबूनच आरोळी ठोकली.

"आले, आले! बाई, तुमचा मीटर फारच स्लो आहे हो. तक्रार करा, बदलून देतील!"

सगळे हसले. चष्मेवालेही हसले. बाईंनी मूग गिळले आणि पाण्याची बाटली उघडली. असल्या टोमण्यांची त्यांना एव्हाना सवय झाली होती, पण सवय झाली म्हणून बोचायचं थांबत नाही. ज्या चढावर हा कॅशियर तीनदा मटकन बसला होता, तो चढ त्या गुणगुणत चढल्या असत्या.

चहाचे थर्मास उघडले गेले. कॅप्टन उभी राहिली आणि म्हणाली, पुढच्या रविवारी मोठी वाट. बाईंच्या हातातला कप तोंडाशी जाता जाता थांबला.

"मी काय म्हणतो," कॅशियर म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, आणि तेच वाईट होतं. "रागावू नका बाई, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय. मोठ्या वाटेवर मधे उतरायला जागा नाही. आपली बागेची तुकडी आहे ना, सपाट रस्ता, बसायला बाकं. माझी बायको तिथेच जाते. छान गप्पा मारतात बायका."

दोघातिघांनी माना हलवल्या. सगळेच बाईंकडे मायेनं बघायला लागले. त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं.

बाईंनी कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टन थर्मासचं झाकण उगाचच फिरवत होती. खरं काय ते बाईंच्या अगदी ओठावर आलं. एक वाक्य बोललं की वेग सिद्ध, मोठी वाट पक्की, कॅशियरचं तोंड बंद. शेजारी चष्मेवाले चहात बिस्कीट बुडवत होते. बिस्कीट तुटू नये म्हणून त्यांनी हात दुसऱ्या हातानं धरला होता. आपण बागेत गेलो तर त्या दरीच्या काठावरून हा माणूस सगळ्यांच्या मागे एकटा चालणार, हे बाईंना लख्ख दिसलं.

"मला मोठ्या वाटेलाच यायचंय," त्या म्हणाल्या. "हळू येईन. पण मला न्या."

विनवणी करणारा आपला आवाज त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. त्यांचे कान तापले.

"अहो, पण एका माणसासाठी सगळ्यांनी..." कॅशियर चाचरले.

"एक मिनिट," चष्मेवाले म्हणाले.

त्यांनी बिस्कीट संपवलं, हात झटकले आणि उठून उभे राहिले. मग जाकिटाची चेन ओढायला लागले. चेन अडकली. कुणीतरी मदतीला पुढे झालं, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

"कॅप्टन, शेपटाच्या मागे कुणी चालायचं नाही, हा नियम कुणी केला?"

"तुम्हीच, काका."

"या बाई आल्यापासून दर रविवारी माझ्या मागे चालतात. मी पुढे व्हा म्हणतो, यांची नाडी सुटते. म्हणजे इतके दिवस मंडळाचं शेपूट याच आहेत. मी आपला फुकटच जाकीट मिरवतोय." चेन सुटली. त्यांनी जाकीट काढलं, नीट घडी घातली, वर शिट्टी ठेवली आणि ते बाईंच्या मांडीवर ठेवलं. "मोठ्या वाटेला यांना न्या. शेपूट म्हणून. मला बागेत टाका. बाकं आहेत म्हणतात."

कॅप्टननं तोंड फिरवलं आणि ती दरीकडे बघत राहिली. कॅशियर चष्मा काढून पुसत बसले.

उतरताना बाईंच्या अंगात लाल जाकीट होतं. ते त्यांना खांद्यात घट्ट होत होतं. चष्मेवाले पुढे, त्या मागे. बाकीची रांग खालच्या वळणापर्यंत गेली होती. जाकिटाशिवाय चष्मेवाले फारच बारीक दिसत होते.

"कधी कळलं तुम्हाला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पहिल्याच रविवारी."

"काय सांगता!"

"जन्म गेला माझा लोकांच्या काचा पुसण्यात. थंडीत चढ चढून दमलेल्या माणसाच्या चष्म्यावर वाफ धरते. कॅशियरचा चष्मा बघा, दर वळणावर पुसतो. तुमचा एकदाही पुसलेला पाहिला नाही मी."

बाईंनी नकळत चष्म्याला हात लावला. काचा कोरड्या होत्या.

"मग बोलला का नाहीत? मी वेड्यासारखी नाड्या सोडत बसले. लोकांचं ऐकून घेतलं."

"चुकलंच माझं. तुम्हाला ऐकून घ्यावं लागत होतं, ते मला आज नीट दिसलं." त्यांनी वाटेतला एक दगड जपून ओलांडला. "बोललो असतो तर तुम्ही पुढे गेला असतात, बाई. इतकी वर्षं मागे एकटाच चालत आलो. सोबत असली की चढ बरा वाटतो, हे मला तुम्ही आल्यावर कळलं."

बाई दोन पावलं भरभर टाकून त्यांच्या अगदी जवळून चालायला लागल्या.

वाट थोडी उतरून पुन्हा एका छोट्या चढाला लागली. शेवटचाच चढ. मध्यावर चष्मेवाले थांबले. वाकले.

"काय झालं?"

"नाडी," ते म्हणाले.

बाईंनी पाहिलं. दोन्ही बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ होती, अगदी पक्की. चष्मेवाल्यांनी गुडघा टेकला होता, एक हात जमिनीवर ठेवला होता आणि श्वास तसाच खरवडल्यासारखा येत होता. बाईंनी शिट्टी ओठांत धरली आणि लांब फुंकली.

चढाच्या माथ्याशी पोचलेली सगळी रांग थांबली. माना मागे वळल्या.

"काय झालं हो?" कॅशियर वरून ओरडले.

"काही नाही," बाई ओरडल्या. "नाडी सुटलीय. बसा जरा सगळे."

"परत? अहो बाई, तुमची ती नाडी..."

"त्यांची नाही," चष्मेवाले म्हणाले. आवाज वर पोचला नाही. त्यांनी बाईंच्या हाताला धरलं, उठून उभे राहिले आणि होता तेवढा जोर लावून पुन्हा म्हणाले, "माझी!"

वरच्या सगळ्यांच्या नजरा चष्मेवाल्यांवर आल्या. मग कॅशियरनं सगळ्यांत आधी पाठीवरची पिशवी काढली आणि वाटेच्या कडेला बसकण मारली.