बाबांचा भूतकाळ

इंग्रजीच्या क्लासात तिचं हसं झालं ते एका 'आर'पायी. बाईंनी प्रत्येकाला उभं करून घरच्यांबद्दल एकेक वाक्य बोलायला लावलं होतं. तिची पाळी आली तशी ती ताठ उभी राहिली आणि ठणकावून म्हणाली, "माय फादर आर व्हेरी काइंड."

"किती वडील आहेत गं तुला?" बाईंनी विचारलं आणि अख्खा वर्ग खो खो हसला.

"एकच. पण बाई, ते 'आहेत' ना! वडिलांना 'आहे' कसं म्हणायचं?"

बाईंनी परोपरीने समजावलं. वडील एक, म्हणून 'इज'. इंग्रजीत मान द्यायचा तर आवाजात द्या, क्रियापदात नको. डोक्यात शिरलं, पण जिभेवर बसेना. 'इज' म्हटलं की बाबांना अरे-तुरे केल्यासारखं वाटायचं.

घरी हा किस्सा सांगितला तर बाबा पोट धरून हसले. "अगं, मग कर की एकेरी! साहेबांच्या भाषेत मला काय कळतंय?"

कळत मात्र त्यांना बरंच होतं. बाबा एका मोठ्या ऑफिसात शिपाई. सातवीत शाळा सुटली, पण अक्षरओळख पक्की. त्यांच्याच ऑफिसात खाली स्वागतकक्षात जागा निघाली, तेव्हा तेच अर्ज घेऊन आले होते. मुलाखत इंग्रजीत होणार हे कळल्यापासून रोज सकाळी बुटांना पॉलिश करता करता ते तिची क्रियापदं घ्यायचे. पुस्तक गुडघ्यावर, ब्रश हातात. "गो?" "वेन्ट, गॉन." "इज?" "वॉज." महिनाभरात तिच्याआधी त्यांचंच पाठ झालं. ऑफिसात मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. म्हणायचे, "शिपायाची पोर म्हणून घेतली असं कोणी म्हणायला नको. निवड होऊ दे, मग मी सगळ्या मजल्यांवर सांगत सुटतो की नाही बघ."

मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर पाच-सहा मुली होत्या. शेजारची आपल्या डॉक्टर वडिलांबद्दलची वाक्यं पुटपुटत होती, पलीकडचीचे वडील इंजिनिअर. इतक्यात बाबा खाकी कपड्यांत पाण्याचा ट्रे घेऊन समोरून गेले. ठरल्याप्रमाणे त्यांनी ओळख दाखवली नाही, नुसती एक भुवई उडवली. शेजारची म्हणाली, "अहो, इकडे एक ग्लास." आपण कोणाला म्हणतोय ते तिने पाहिलंही नाही. आपली ही मात्र कानांपर्यंत लाल झाली. बाबांचा राग यावा असं त्यांनी काय केलं होतं? काही नाही. तरी तिला त्यांचा राग आला.

मुलाखत घ्यायला मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या होत्या. चष्म्यामागचे डोळे मायाळू होते, आणि हेच वाईट झालं. नाव-गाव, शिक्षण, सगळं सुरळीत पार पडलं. मग त्यांनी वडिलांबद्दल विचारलं.

तिच्या तोंडात आधी 'आर' आला. तो तिने गिळला. मग 'इज' आला, पण 'इज'च्या मागोमाग 'प्यून' येणार होता, आणि तो प्यून दाराबाहेर स्टुलावर बसला होता.

"माय फादर वॉज अ टीचर," ती म्हणाली.

जीभ घसरली, असं पुढे तिने स्वतःला शंभरदा सांगून पाहिलं. घसरलीबिसरली काही नव्हती. चांगली विचार करून बोलली होती.

बाईंचं पेन थांबलं. "ओह! आय ॲम सो सॉरी."

'वॉज'चा असाही अर्थ होतो हे तिच्या आता लक्षात आलं. तिला वाटलं होतं, फक्त नोकरी मागच्या काळात जाईल. इथे तर माणूसच गेला! 'नाही, आहेत ते' एवढं एक वाक्य बोललं असतं तरी निभावलं असतं. तिने मान खाली घातली. शरमेने घातलेली मान दुःखाने घातल्यासारखीच दिसते. बाईंनी बेल वाजवली.

बाबा आत आले.

"यांना जरा पाणी द्या हो," बाई हळू आवाजात मराठीत म्हणाल्या. "वडील नाहीत बिचारीला. शिक्षक होते."

ट्रेमधला ग्लास उचलायला बाबांना नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला. मग तो त्यांनी तिच्यापुढे धरला.

"घ्या, ताई."

उभ्या जन्मात बाबांनी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. ती पाणी प्यायली. सगळं प्यायली, कारण ग्लास रिकामा होईपर्यंत बाबा तिथून हलणार नव्हते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. बाबा रिकामा ग्लास घेऊन, दार आवाज न करता ओढून निघून गेले. व्याकरण चोख आहे, असा बाईंनी शेरा मारला आणि निवड झाल्याचं तिथेच सांगितलं.

संध्याकाळी ती फाटकापाशी थांबली. "बाबा, मी..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

"अगं, वेडी का तू? 'वॉज' बरोबरच होतं," बाबा म्हणाले. "एकवचन. पूर्वीची तू 'वेअर' म्हणाली असतीस." ते हसले, पण हसू ओठांपलीकडे गेलं नाही. तिला वाटलं, यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर सोसली असती.

उद्या जाऊन खरं सांगायचं, असं तिने त्या रात्री ठरवलं. उद्याचा परवा झाला, परवाचा सोमवार. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी बाबा जेवता जेवता सहज म्हणाले, "मी गोदामाकडे बदली मागून घेतली."

"आता या वयात?" आई भडकली. "वीस वर्षं काढलीत तिथे. आणि आता कुठे बापलेक एका छताखाली जाणार!"

"गुडघे गं. जिने झेपत नाहीत."

"तिथे लिफ्ट आहे! मला शिकवता? गोदाम तर गावाबाहेर." आई तिच्याकडे वळली. "तू तरी सांग यांना. तुझं ऐकतील."

बाबा ताटात बघत राहिले. आई वाट बघत होती. खरं सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती, आणि ते तिला पुरतं कळत होतं.

"जाऊ दे ना, आई," ती म्हणाली. "त्यांना तिकडेच बरं पडेल."

"बघ," बाबा लगेच आईला म्हणाले, "पोरीला कळतं."